जड धातूंची जमीन आणि पाणवनस्पती : आधी पाणी अडवा, मग माती सुधारा

शहरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक नाल्यांच्या काठाला भर उन्हाळ्यातही हिरवीगार भाजी दिसते. पालक, माठ, मेथी, अळू, कांद्याची पात. पाणी बारमाही असतं, बाजार जवळ असतो आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद आयतं मिळतं. मात्र त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडणारी दुकानं, रंगांची किंवा चामडं कमावण्याची युनिटं असतील, तर पाण्याबरोबर शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेलही वाफ्यात उतरतं. पीक तरारलेलं असतं, पानावर डाग नसतो, चवीत फरक पडत नाही. म्हणूनच हे प्रदूषण वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

अशा जमिनीवरचा उपाय म्हणून अलीकडे पाणवनस्पतींचं नाव वारंवार ऐकू येतं. नळ, पाणकणीस, वाळा, कर्दळ लावा, ती झाडं धातू शोषून घेतील आणि जमीन साफ होईल, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. जड धातू कुजत नाही आणि कोणताही जीवाणू त्याचं विघटन करू शकत नाही. वनस्पती फार तर त्याची जागा बदलते, नाहीतर त्याला एका जागी धरून ठेवते. मातीत मुरलेला धातू उपसण्यापेक्षा येणारा धातू शेताच्या तोंडाशी अडवण्यात पाणवनस्पती कितीतरी अधिक उपयोगी पडतात. हे एकदा लक्षात घेतलं, की पैसा आणि मेहनत योग्य जागी लागते.

संकट पाण्याबरोबर येतं

जपानमधल्या तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका इथे जस्ताची आणि शिशाची खाण होती. खाणीतलं कॅडमियम आधी नदीत उतरलं, पाटाच्या पाण्याबरोबर भातखाचरांत पोचलं आणि भातातून माणसांच्या शरीरात गेलं. हाडं ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा ‘इटाई-इटाई’ हा आजार त्यातून झाला. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळेच होत असल्याचं मान्य केलं. बिघडलेल्या खाचरांवर नवी माती घालून ती पुन्हा पिकती करण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं. नदीने काही दशकांत जे आणून टाकलं, ते निस्तरायलाही काही दशकं लागली.

कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथे ते निम्म्याने घटायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. शिशाचा सर्वांत मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर बसतो. भाजी धुतल्याने वरची धूळ जाते, पण पानाच्या आत गेलेला धातू जात नाही. शिजवल्यानेही तो नाहीसा होत नाही.

म्हणून पहिली पायरी कोणतंही झाड लावण्याची नाही. धातू अजून येतोय का, हे आधी बघायचं. दर पाळीला दूषित पाणी देत राहायचं आणि त्याच वेळी झाडांकडून माती साफ करून घ्यायची, हे तोटी उघडी ठेवून फरशी पुसत बसण्यासारखं आहे.

पाणवनस्पती नेमकं काय करतात

हातमोजे घालून नाल्याकाठचं एखादं पाणकणीस गड्ड्यासकट उपटून पाहा. काही भागांत याला रामबाण म्हणतात. मुळांना लागलेला गाळ काळाकुट्ट असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. गाळ हलक्या हाताने धुतला, की बारीक मुळ्यांवर गंजाच्या रंगाचा तांबूस लेप दिसतो. पान बुडाशी आडवं कापलं, तर आत हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते. या वनस्पतींच्या कामाची किल्ली या तीन गोष्टींत आहे.

पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. सडका वास त्याचाच. कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं यांचा या सल्फाइडशी संयोग झाला, की पाण्यात न विरघळणारे क्षार तयार होऊन ते गाळात बसतात. उलट, पानातल्या पोकळ्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचते, थोडा प्राणवायू मुळांच्या भोवती पाझरतो आणि तिथल्या लोहाचा गंज होऊन तो मुळांवर बसतो. हा तांबूस लेप आर्सेनिक आणि इतर धातू धरून ठेवतो. एकाच वाफ्यात हातभर अंतरावर धातू पकडण्याच्या अशा दोन निरनिराळ्या क्रिया चालू असतात.

यातला महत्त्वाचा धडा असा, की पाणवनस्पतींनी पकडलेला बहुतेक धातू गाळात, मुळांत आणि गड्ड्यात राहतो. पानांत आणि दांड्यांत त्याचा लहानसा वाटा चढतो. नळाची दरवर्षी नुसती कापणी केली, तर धातूचा मोठा साठा खालीच असतो. पाणी गाळण्यासाठी हा गुणच आहे. मातीतून धातू बाहेर काढायचा असेल, तर हीच मोठी मर्यादा ठरते.

आधी तपासणी

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, आर्सेनिक यांचा त्यात समावेश नाही. पत्रिका चांगली आली म्हणून जमीन निर्धोक, असं समजू नका. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते.

नमुना घेताना पुढील गोष्टी पाळा :

• पीक काढल्यानंतर आणि खत घालण्यापूर्वी नमुना घ्या.

• शेतात नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणची ० ते १५ सेंटिमीटर थरातली माती एकत्र करा. १५ ते ३० सेंटिमीटरचा नमुना वेगळा ठेवा.

• पाणी जिथून शेतात शिरतं, त्या भागाचा नमुना स्वतंत्र घ्या. गाळ तिथेच बसत असल्याने धातू बहुधा तिथे सर्वाधिक असतो.

• जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं किंवा गंजलेलं खुरपं वापरू नका. लाकडी पट्टी किंवा स्टेनलेस स्टीलचं हत्यार आणि स्वच्छ प्लास्टिकची पिशवी वापरा.

• नाल्याचं पाणी कधीही न घेतलेल्या, पण तशाच जातीच्या मातीच्या शेजारच्या शेतातून एक तुलनेचा नमुना घ्या.

हा शेवटचा नमुना महाराष्ट्रात फार मोलाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या आपल्या जमिनींत तांबं, निकेल आणि क्रोमियम निसर्गतःच बरंच असतं. युरोपीय समुदायाने सांडपाण्याचा गाळ शेतात वापरण्यासाठी १९८६ मध्ये मातीसाठी मर्यादा आखून दिल्या : एक किलो मातीत कॅडमियम १ ते ३, शिसं ५० ते ३००, निकेल ३० ते ७५ आणि तांबं ५० ते १४० मिलिग्रॅम. या आकड्यांशी नुसती तुलना केली, तर आपली निर्दोष काळी जमीनही तांब्या-निकेलच्या बाबतीत ‘दूषित’ ठरू शकते. शेजारच्या शेताशी ताडून पाहिलं, की पाषाणातून आलेलं किती आणि नाल्यातून आलेलं किती, हे कळतं. कॅडमियम आणि शिशाचं मात्र तसं नाही. ते काळ्या पाषाणात अत्यल्प असतं, त्यामुळे वाढलेला आकडा बहुधा बाहेरूनच आलेला असतो.

प्रयोगशाळेकडून दोन आकडे मागा : मातीतला एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा धातू. चुनखडीयुक्त, चिकण काळ्या जमिनीत एकूण धातू जास्त असूनही पिकाला कमी मिळतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत एकूण आकडा कमी असला, तरी तो पिकात चटकन चढतो. सोबत पाण्याचा आणि खाल्ल्या जाणाऱ्या भाजीचाही नमुना द्या. पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा एका किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम अशी आहे. अखेर आपल्या ताटात काय येतं, हाच प्रश्न असल्यामुळे भाजीचा आकडा सर्वांत बोलका.

काढायचं की रोखायचं? हिशेब मांडा

एक एकर जमिनीतली वरच्या वीस सेंटिमीटर थराची माती साधारण दहा लाख किलो भरते. म्हणजे अहवालातला एका किलोमागे एक मिलिग्रॅम धातू एकरात एक किलो होतो. हे सूत्र लक्षात ठेवलं, की कोणत्याही दाव्याची पारख घरी बसून करता येते.

समजा, कॅडमियम ३ मिलिग्रॅम आहे आणि ते १ वर आणायचं आहे. एकरातून २ किलो कॅडमियम काढावं लागेल. वर्षाला एकरी ८ टन सुका पाला मिळाला आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम असलं, तर एका वर्षात ८० ग्रॅम निघतं. दोन किलोंना पंचवीस वर्षं लागतील. आता शिसं घ्या. ३०० वरून १०० वर आणायचं, तर २०० किलो काढावं लागेल. शिसं मुळांतून वर फारसं चढतच नाही. पाल्यात किलोमागे २० मिलिग्रॅम धरलं, तरी वर्षाला जेमतेम १६० ग्रॅम निघतं. हजाराहून अधिक वर्षं लागतील. शिशाची जमीन झाडं लावून साफ करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

कॅडमियम जमिनीतून काढून दाखवल्याचं एक चांगलं उदाहरण भाताचंच आहे आणि भात हीसुद्धा पाणथळीतली वनस्पती. जपानी संशोधकांनी कॅडमियम भरपूर शोषणारी ‘चोकोकोकू’ ही भाताची जात दूषित खाचरात दोन वर्षं लावली. हेक्टरी ८८३ ग्रॅम, म्हणजे एकरी सुमारे ३५७ ग्रॅम कॅडमियम निघालं. जमिनीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटलं आणि नंतर घेतलेल्या खाण्याच्या भातात ते ४७ टक्क्यांनी कमी भरलं. यातली खुबी पाण्यात होती. खाचर निथळून घेतल्यावर त्यांनी पुन्हा पाणी दिलं नाही. खाचर सुकलं, की सल्फाइड मोडतं, कॅडमियम मोकळं होतं आणि झाड ते ओढून घेतं. खाचर भरलेलं ठेवलं असतं, तर कॅडमियम चिखलातच अडकून राहिलं असतं.

थोडक्यात, कॅडमियमसारखा चल धातू आणि सौम्य प्रदूषण असेल, तर काही वर्षांत उपसा शक्य आहे. शिसं, क्रोमियम किंवा तीव्र प्रदूषण असेल, तर धातू जागीच धरून ठेवायचा आणि नवा येऊ द्यायचा नाही, हे धोरण ठेवा.

कोणता धातू, कसं पाणी

कॅडमियम, जस्त, शिसं : पाणी साचलेल्या चिखलात हे धातू अडकतात, चिखल सुकला की पुन्हा मोकळे होतात. गाळणीचा वाफा म्हणूनच बाराही महिने ओला ठेवावा लागतो.

क्रोमियम : याचं सहा संयुजेचं रूप विषारी आणि पाण्याबरोबर पसरणारं, तर तीन संयुजेचं रूप बरंचसं स्थिर. प्राणवायू नसलेल्या, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या चिखलात पहिल्याचं रूपांतर दुसऱ्यात होतं. क्रोमियमच्या पाण्यासाठी पाणवनस्पतींचा वाफा त्यामुळे चांगला.

आर्सेनिक : याचं वागणं उलटं आहे. जमीन पाण्याखाली राहिली, की लोहाचा गंज विरघळतो आणि त्याने धरलेलं आर्सेनिक सुटतं. आर्सेनिक असलेल्या शेतात पाणी साचवणं धोक्याचं. जमिनीतून आर्सेनिक काढण्यासाठी ‘टेरिस विट्टाटा’ हे नेचं नावाजलेलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये त्याची ही क्षमता जगापुढे आणली. ते निचऱ्याच्या जागी वाढतं, पाणथळीत नाही.

पारा : पाणथळीतले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानमधल्या मिनामाताची शोकांतिका मिथाइल पाऱ्याचीच होती. पाऱ्याचा संशय असेल, तिथे तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पाणवनस्पतींचा प्रयोग करूच नका.

वनस्पतींची निवड

नळ आणि पाणकणीस या गाळणीच्या वाफ्याच्या मुख्य वनस्पती. गड्डे खोलवर पसरतात, वाढ जोमदार असते आणि सांडपाणी सहज सोसतात. कर्दळ दिसायला सुंदर, लवकर फुटणारी आणि वस्तीजवळ लोकांना आवडणारी. वाळा पाण्यात आणि कोरड्यातही टिकतो, मुळं तीन मीटरपर्यंत जातात, त्यामुळे नाल्याचा काठ आणि दूषित बांध धरून ठेवण्यासाठी त्याच्याइतकं कामाचं गवत कमी. मात्र अशा जागेतली वाळ्याची मुळं कूलरच्या ताट्यांत, माठातल्या पाण्यात किंवा औषधात जाता कामा नयेत.

जलपर्णी आणि गोंडाळ पाण्यातले धातू झपाट्याने घेतात. तरंगणाऱ्या असल्याने मुळांसकट उचलता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. पण जलपर्णीने आपल्या नद्या आणि तलाव कसे गुदमरवले आहेत, हे आपण पाहतोच. बंदिस्त, जाळी लावलेल्या टाकीतच ती ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी सगळी काढून घ्यावी. ओढ्यात किंवा तलावात ती मुद्दाम सोडणं म्हणजे नवं संकट ओढवून घेणं.

अळू, नाळीची भाजी, ब्राह्मी आणि वेखंड याही पाणथळीतल्या वनस्पती आणि त्याही धातू घेतात. त्यांना या कामापासून दूर ठेवा. कुणीतरी येऊन अळूची पानं वडीसाठी खुडेल, ब्राह्मी तेलासाठी नेईल. जे खाल्लं जातं, औषधात जातं किंवा गुरं आवडीने चरतात, ते इथे लावू नये. हा नियम मोडू नका.

गाळणीचा वाफा कसा बांधावा

दिल्लीच्या पुसा परिसरात भारतीय कृषी संशोधन संस्थेने वसाहतीचं रोज सुमारे २२ लाख लिटर सांडपाणी पाणकणसाच्या वाफ्यांतून गाळून शेताला देण्याची व्यवस्था उभारली. नागपूरच्या नीरी संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केलं. खडीच्या थरातून, पृष्ठभागाच्या खालून पाणी वाहवायचं आणि वर वनस्पती वाढवायच्या, अशी त्याची रचना. वर पाणी दिसत नसल्याने डास होत नाहीत आणि दुर्गंधीही कमी राहते.

एका एकराचा प्राथमिक अंदाज असा काढता येईल. पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे दोन लाख लिटर पाणी लागतं. दर दहा दिवसांनी पाळी असेल, तर वाफ्याने रोज वीस हजार लिटर पाणी गाळून शेततळ्यात साठवायला हवं. पाणी वाफ्यात चार दिवस राहावं, असं धरलं, तर एका वेळी ऐंशी हजार लिटर पाणी मावलं पाहिजे. खडीतली पोकळी साधारण चाळीस टक्के असते. म्हणून २०० घनमीटर, म्हणजे सुमारे ७० ब्रास खडी लागेल. थर ६० सेंटिमीटरचा असेल, तर जागा ३३३ चौरस मीटर, जवळपास सव्वातीन गुंठे. हा खर्च एकट्या शेतकऱ्याला जड जातो. एकाच नाल्यावरच्या शेतकऱ्यांनी गटाने किंवा ग्रामपंचायतीमार्फत हे काम हाती घ्यावं आणि अंतिम आराखडा जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावा.

बांधणीचा क्रम असा ठेवा :

१. सुरुवातीला गाळ बसण्यासाठी किमान एक दिवसाचं पाणी मावेल अशी टाकी. धातूचा बराच भाग गाळाला चिकटून येतो, तो इथेच थांबतो.

२. पुढे दोन समांतर वाफे, प्रत्येकी २४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. एक दुरुस्तीला बंद ठेवला, तरी दुसरा चालू राहतो. तळाला लांबीच्या दिशेने शंभरात एक एवढा उतार.

३. तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा जाड कागद. यात कसर करू नका. कागद फाटला, तर दूषित पाणी विहिरीत उतरेल.

४. दोन्ही टोकांना मोठे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी.

५. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला नळाचे आणि पाणकणसाचे दोन-तीन डोळे असलेले गड्डे ४० ते ५० सेंटिमीटरवर लावा. पहिले दोन-तीन महिने स्वच्छ पाणी द्या. मुळं स्थिरावल्यावर दूषित पाणी थोडं थोडं वाढवत न्या.

६. भोवती कुंपण घाला. गुरं आणि मुलं आत जाता कामा नयेत.

दर तीन महिन्यांनी शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करा. वाफ्याची धातू धरण्याची ताकद अमर्याद नसते. बाहेरच्या पाण्यातला आकडा चढू लागला, की खडी आणि गाळ बदलण्याची वेळ आली. कारखान्याचं तीव्र सांडपाणी हा वाफा पेलू शकत नाही. त्यावर कारखान्याच्या आवारातच रासायनिक प्रक्रिया झाली पाहिजे.

कापणी आणि विल्हेवाट

खरी परीक्षा इथे असते. झाडं लावताना फोटो निघतात, पण कापलेल्या पाल्याचं काय करायचं, हे बहुतेक वेळा ठरलेलं नसतं. ते लागवडीपूर्वी लेखी ठरवा. पाला जागच्या जागी कुजला, तर त्यातला धातू पुन्हा पाण्यात उतरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

नळ आणि पाणकणीस पिवळं पडण्याआधी कापा. तरंगणाऱ्या वनस्पती वाढीच्या काळात दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा उचला, म्हणजे उरलेल्यांना वाढायला जागा मिळते. काम करणाऱ्यांना रबरी हातमोजे आणि गमबूट द्या. कामाच्या जागी खाणं-पिणं आणि तंबाखू नको. कापलेला पाला छपराखाली, प्लास्टिकच्या कागदावर वाळवा. वजन खूप कमी होतं आणि वाहतूक स्वस्त पडते.

या पाल्याचं कंपोस्ट किंवा गांडूळखत करू नका. गुरांना घालू नका. गोबरगॅसमध्ये टाकून त्याची मळी शेतात पसरू नका. उघड्यावर जाळू तर मुळीच नका. कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा धुरातून उडतात, उरलेले राखेत एकवटतात. सुका पाला तपासून घ्या. धातू मर्यादेबाहेर असतील, तर पाला, टाकीतला गाळ आणि बदललेली खडी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावी लागते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. वाहतुकीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

नाल्यातून उपसलेल्या गाळालाही हेच लागू होतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ म्हणजे सोनं, असा विश्वास आपल्याकडे रुजला आहे. धरणाच्या स्वच्छ गाळाबद्दल तो खरा आहे. शहरी नाल्याचा आणि औद्योगिक पट्ट्यातल्या ओढ्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय शेतात टाकू नका. पाण्याखाली सल्फाइडच्या रूपात शांत असलेला धातू हवा लागली की मोकळा होतो. ठाण्याच्या खाडीकाठची तिवरं तोडणं आणि तिथला चिखल उकरणं याच कारणाने घातक आहे. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेल्या या पाणथळीच्या चिखलाने कारखान्यांचे धातू वर्षानुवर्षं धरून ठेवले आहेत.

तोवर शेतात काय करावं

दूषित पाणी थांबलं, म्हणजे जमिनीची काळजी घेण्याला अर्थ येतो. आम्लधर्मी जमिनीत चुना घालून सामू साडेसहा ते सातच्या आसपास आणा, कॅडमियम, शिसं आणि जस्त पिकाला कमी मिळतं. भरपूर शेणखत आणि कंपोस्ट घाला, सेंद्रिय पदार्थ धातूंना बांधून ठेवतात. स्फुरदामुळे शिशाचे अविद्राव्य क्षार बनतात. आर्सेनिक असेल, तर मात्र चुना आणि जादा स्फुरद टाळा, त्याने आर्सेनिक सुटू शकतं. मातीतून धातू लवकर सुटावा, म्हणून ईडीटीएसारखी रसायनं ओतण्याचा सल्ला कुणी दिला, तर मानू नका. सुटलेला धातू झाडात जाण्याआधी विहिरीत जाईल.

पालेभाज्या, मुळा, गाजर, बीट आणि रताळी बंद करा. पानं आणि कंद धातू अधिक घेतात. झेंडू, निशिगंध, शेवंती, रोपवाटिकेतली शोभेची झाडं किंवा बांबू घ्या. अन्नपीक पुन्हा घेण्यापूर्वी छोट्या वाफ्यात लावून, खाण्याचा भाग तपासून मगच पुढे जा.

जबाबदारी कुणाची

या सगळ्याचा भार शेतकऱ्याने एकट्याने वाहावा, असं मुळीच नाही. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नाल्यात सोडणं १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने निषिद्ध आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं, की प्रदूषण करणाऱ्याने नुकसानभरपाई तर द्यावीच, बिघडलेलं पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावा. पाणवनस्पतींचा वाफा हा कारखान्यांसाठी सूट मिळवण्याचा परवाना नव्हे. पाणी, माती आणि भाजी यांचे अहवाल हातात असले, की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात केलेल्या तक्रारीला वजन येतं. तक्रार लेखी करा, पोच घ्या, ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा.

सुरुवात लहान असू द्या. या हंगामात नाल्यावरच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून माती, पाणी आणि भाजीचे नमुने द्यावेत. तपासणीचा खर्च वाटला जातो आणि धातू नाल्याच्या कोणत्या टप्प्यापासून वाढतो, तेही कळतं. अहवाल येईपर्यंत पालेभाजीऐवजी फुलं घ्यावीत. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचं तोंड बांधावं, गाळणीचा वाफा उभा करावा आणि पाल्याच्या विल्हेवाटीची सोय लावावी. मातीतल्या जुन्या धातूचा विचार त्यानंतर. ही वाट सावकाशीची आहे, पण पहिल्याच वर्षी तिचं फळ दिसतं : दूषित पाण्याची नवी पाळी थांबते आणि तुमच्या शेतातून विषारी जुडी बाजारात जात नाही. आपल्या भाजीवर जेवणाऱ्या लेकरांसाठी एवढं करणं आपल्या हातात आहे.